बारा बोटांचा पाहुणा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "काय हो, कांटवरून थेट कार्टूनवर?" आम्ही म्हटले, या व्याख्यानाला. आले आहेत ते, तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

सुरुवात पापडांपासून करतो. आमची पिढी पाढ्यांवर वाढली. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायचे. बे एके बे पासून तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. न अडखळता म्हणणाऱ्या मुलाचे घरात कौतुक व्हायचे आणि आमचे ते होत असे. आठ-नऊ वर्षांचे असू. उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले होते. आजीने खालून विचारले, "किती झाले रे?" आम्ही वाकून एकेका पापडाकडे बोट करीत मोजले. छप्पन्न. आता हे बघा, पापड नीट मांडलेले होते, सात-सातच्या आठ ओळी. आणि 'सात आठे छप्पन्न' आम्ही आदल्याच संध्याकाळी एका दमात म्हटले होते. चाल ओठांवर होती, पापड डोळ्यांसमोर होते आणि दोघांची गाठ काही पडली नाही. ती पडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

तर प्रश्न असा की गाण्याने गणित येते का? आणि येते म्हणजे नेमके काय येते? या प्रश्नाचा अगदी अलीकडचा इतिहास टीव्हीच्या पडद्यावर घडला, मुख्यतः अमेरिकेत, १९६९ नंतर.

गणित खेळातून शिकवावे ही कल्पना तशी जुनी आहे. प्लेटोने 'लॉज' या संवादाच्या सातव्या भागात इजिप्तच्या मुलांचे उदाहरण दिले आहे. तिथे मुलांना सफरचंदे आणि फुलांचे हार वाटायला देऊन, खेळता खेळता हिशेब शिकवतात, असे तो सांगतो. इथे बसलेल्या काहींच्या मनात 'लीलावती' आली असेल. बरोबर आहे. भास्कराचार्यांचा ११५०चा तो ग्रंथ पद्यात आहे, त्यात भुंगे आहेत, हंस आहेत. पण तो पाढ्यांची वेस ओलांडून आलेल्यांसाठी आहे. चार वर्षांच्या पोराला तीन म्हणजे काय हे गाऊन सांगायचा उद्योग विसाव्या शतकाने केला. आणि मौज अशी की तो उद्योग जाहिरातवाल्यांकडून शिकून केला.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये जोन गँझ कूनी या माहितीपट करणाऱ्या बाईंच्या घरी जेवणाचा कार्यक्रम होता. पाहुण्यांत लॉइड मॉरिसेट होते, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ, कार्नेगी प्रतिष्ठानात अधिकारी. त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. रविवारी सकाळी, कार्यक्रम सुरू होण्याच्याही आधी, ती टीव्हीवरच्या नुसत्या चाचणी-चित्राकडे एकटक बघत बसे. मॉरिसेट यांनी विचारले, टीव्हीवरून मुलांना काही शिकवता येईल का? कूनीबाईंनी यावर अहवाल लिहिला, सुमारे ऐंशी लाख डॉलर उभे राहिले आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाले. कूनीबाईंचे एक निरीक्षण फार महत्त्वाचे होते. अमेरिकेतली लहान लहान मुले बिअरच्या जाहिरातींची गाणी गात होती. बिअर त्यांना प्यायची नव्हती, पण गाणे पाठ होते. मग तेच तंत्र घ्यायचे आणि बिअरच्या जागी अक्षरे नि अंक ठेवायचे. भागाच्या शेवटी घोषणा व्हायची की आजचा कार्यक्रम अमुक अक्षराने आणि तमुक अंकाने प्रायोजित केला आहे. एक आचारी हातात तितके केक किंवा तितक्या खिरीच्या वाट्या घेऊन जिन्यावर यायचा आणि दर वेळी गडगडत खाली पडायचा. आकडा गाण्यात, खीर जमिनीवर.

हे सगळे खरे म्हणजे आमच्या परवच्यासारखेच होते, फक्त चाल अधिक गोड. वेगळे काही घडले ते १९७२मध्ये, काउंट फॉन काउंट हे पात्र आले तेव्हा. इंग्रजीत काउंट म्हणजे सरदार आणि काउंट म्हणजे मोजणेही. शिवाय युरोपच्या लोककथांत रक्तपिपासू पिशाचाला मोजण्याचे वेड असते. वाटेत दाणे विखरून ठेवले की ते मोजत बसते आणि मोजता मोजता उजाडते. आपल्याकडच्या भुताखेतांना असा अभ्यासू स्वभाव आम्ही तरी ऐकला नाही. जेरी नेल्सन यांनी हा जांभळा काउंट चाळीस वर्षे वठवला. तो काहीही मोजतो. वटवाघळे मोजतो, टेलिफोनच्या घंटा मोजतो, आणि शेवटचा आकडा उच्चारला की गडगडाट होतो, वीज चमकते, तो हसतो.

यात काय विशेष? रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांचे मुलांच्या संख्याज्ञानावरचे पुस्तक १९७८मध्ये आले. मोजता येणे म्हणजे पाच गोष्टी, असे त्यांनी मांडले. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द, शब्दांचा क्रम कायम, शेवटचा शब्द म्हणजेच एकूण संख्या, मोजायच्या वस्तू कुठल्याही चालतात आणि सुरुवात कुठूनही केली तरी चालते. काउंट यातले बरेचसे सहा वर्षे आधीपासून करीत होता. ती वीज नेमक्या शेवटच्या आकड्यावरच पडते. शेवटचा शब्द इतरांसारखा नाही, तो सगळ्या ढिगाचे नाव आहे, हे मुलाला त्या गडगडाटाने कळते. आम्हाला परवच्यात हे कोणी सांगितले नव्हते.

आता ज्याच्यासाठी हा विषय निवडला तिथे येतो. न्यूयॉर्कमधल्या एका जाहिरात कंपनीचे प्रमुख डेव्हिड मॅकॉल. त्यांच्या मुलाला पाढे येत नव्हते आणि रॉक गाणी मात्र शब्दन् शब्द पाठ होती. आईबाप अशा वेळी बहुधा गाणी बंद करतात. मॅकॉलना वाटले, पाढेच गाण्यात घालावे. त्यांनी बॉब डरो या जाझ गायक-संगीतकाराला काम दिले आणि बजावले की मुलांसाठी म्हणून खालच्या पायरीवर उतरून लिहू नका. डरोने आपल्या मुलीची शाळेची गणिताची पुस्तके चाळली आणि काही दिवसांनी तीन या संख्येवर गाणे घेऊन आला. टॉम योहे या चित्रकाराने त्यावर रेखाटने केली. मग मंडळी एबीसी वाहिनीकडे गेली. तिथे मुलांचे कार्यक्रम तेव्हा मायकल आयस्नर बघत आणि बैठकीला बग्ज बनीवाले चक जोन्सही होते. ते म्हणाले, घेऊन टाका. जानेवारी १९७३पासून शनिवारी सकाळी, दोन कार्टूनच्या मधल्या फटीत, ही तीन-तीन मिनिटांची गाणी लागू लागली. 'मल्टिप्लिकेशन रॉक'. पुढे व्याकरण, इतिहास, विज्ञान असे करीत त्याचे 'स्कूलहाउस रॉक' झाले. पण सुरुवात पाढ्यांनी झाली.

एकूण अकरा गाणी आहेत. शून्य, दोन ते नऊ, अकरा आणि बारा. एकाचे नाही, कारण एकाच्या पाढ्यात गाण्यासारखे काय आहे? पण दहाचेही नाही. दहाचे काम शून्याच्या गाण्यातच उरकले आहे, कारण दहाने गुणणे म्हणजे शेजारी शून्य येऊन बसणे. शून्य हा तिथे झूल पांघरलेला महानायक आहे.

आम्ही ही गाणी फार उशिरा, निवृत्तीनंतर, इंटरनेटवर ऐकली. तीनच्या गाण्याने चकित झालो. ते पाढ्याने सुरू होतच नाही. आधी काही त्रिकुटे सांगितली जातात. भूत, वर्तमान आणि भविष्य हे एक. तिवईला उभे राहायला लागणारे तीन पाय हे एक. आई, बाप आणि मूल हेही एक. पाढा त्यानंतर येतो आणि तोही उलटा, तिसापासून खाली उतरत, म्हणून होतो. ज्याने पाढे घोकले आहेत त्याला विचारा, उलटा पाढा म्हणताना घोकंपट्टीची गाडी कशी रुळावरून उतरते ते. आठाच्या गाण्यात वर्गात बसलेली एक मुलगी बर्फावर स्केटिंग करण्याच्या दिवास्वप्नात हरवते. बर्फावर ८ उमटतो आणि तो आडवा केला की अनंताचे चिन्ह होते. ब्लॉसम डिअरी यांनी ते इतके हळुवार गायले आहे की आपण पाढा ऐकतो आहोत हे विसरायला होते. हा त्या गाण्याचा दोष म्हणायचा की गुण, आमचे अजून ठरलेले नाही.

आणि बारा. बाराच्या गाण्यात एक कल्पना आहे. माणसाच्या प्रत्येक हाताला पाचाऐवजी सहा बोटे असती तर? दूरच्या कुठल्या ग्रहावर असा बारा बोटांचा जीव राहतो. तो कसा मोजेल? आपल्याला दहा बोटे म्हणून आपण दहांच्या गठ्ठ्यांनी मोजतो, तो बारांच्या गठ्ठ्यांनी मोजेल. नऊनंतर त्याला आणखी दोन सुटे अंक लागतील. गाण्यात त्यांना 'डेक' आणि 'एल' अशी नावे दिली आहेत. त्यानंतर एकावर शून्य, ज्याला तो दहा म्हणणार नाही. आपल्याला बाराचा पाढा अवघड जातो, त्याला बाराने गुणायला नुसते शून्य जोडावे लागेल. मग गाणे आपल्या दहा बोटांच्या जगात परतते आणि बाराचा साधा पाढा म्हणून दाखवते.

हे तीन मिनिटांत, शनिवारी सकाळी, मूल तोंडात घास ठेवून बघत असताना! आम्ही वर्गात पदवीच्या मुलांना संख्या आणि संख्याचिन्ह यांतला भेद समजावताना तीन-तीन तास घालवले आहेत. अर्थात काळाचाही भाग होता. रशियाने १९५७मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत 'नवे गणित' आले आणि लहान मुलांना वेगवेगळ्या पायांच्या संख्यापद्धती शिकवू लागले. पालक हैराण झाले. टॉम लेहरर या गणिताच्याच माणसाने १९६५मध्ये आठच्या पायातल्या वजाबाकीवर थट्टेचे गाणे रचले. म्हणजे जो धडा शाळेत हास्यास्पद ठरला तोच आठ वर्षांनी बारा बोटांच्या पाहुण्याच्या रूपाने आला, आणि आमच्या मते इथे तो शोभला. पाठ्यपुस्तक म्हणत होते, हे असे करा. गाणे म्हणत होते, असे असते तर? या 'असते तर'मध्येच गणित सुरू होते. युक्लिडसुद्धा 'समजा' म्हणूनच पुढे जातो. परीकथेचे आणि भूमितीचे पहिले पाऊल सारखेच आहे.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. ऐंशीच्या दशकात नील पोस्टमन यांचे मनोरंजनाने समाज कसा पोखरतो यावरचे पुस्तक आले, १९८५मध्ये. 'सेसमी स्ट्रीट'मुळे मुलांना शाळा आवडते, पण ती शाळा 'सेसमी स्ट्रीट'सारखी असली तरच, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हाला तो फारच पटला. त्यानंतर लवकरच एका गावी शिक्षकांसमोर आम्ही तासभर टीव्हीची सालटी काढली. आम्ही स्वतः तोवर यातला एकही कार्यक्रम पाहिलेला नव्हता, बरं का! टाळ्याही पडल्या. मग मागच्या बाकावरून प्राथमिक शाळेच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही पाढे कसे शिकलात? समजून की गाऊन?" सभागृहात हशा झाला. आम्ही काहीतरी चतुर उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. उत्तर आम्हाला माहीत होते. गच्चीवरचे पापड आठवले होते, पण ते सांगायचे धैर्य झाले नाही.

पोस्टमन यांना आम्ही आजही मोडीत काढत नाही. आकडेवारीची बाजूही दुहेरीच आहे. सॅम्युएल बॉल आणि गेरी अ‍ॅन बोगाट्झ यांच्या १९७०च्या पाहणीत, जी मुले 'सेसमी स्ट्रीट' जास्त बघत ती जास्त शिकलेली दिसली. १९७५मध्ये टॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि दाखवले की सुस्थितीतल्या घरची मुले तो जास्त बघतात, म्हणजे ज्यांच्यातले अंतर मिटवायचे त्यांच्यात ते वाढूही शकते. पण पोस्टमन यांच्या टीकेत गाणे आणि कल्पना एकाच पोत्यात भरली गेली आणि आम्हीही तेच केले. गाणे क्रम सांभाळते. पुढचा शब्द मागच्याला ओढून आणतो, एवढे त्याचे काम आणि ते ते चोख करते. कल्पनेचे काम नेमके उलटे आहे. ती क्रम तोडते, दुसरा मांडून बघते.

'सेसमी स्ट्रीट' करणाऱ्या संस्थेनेच १९८७मध्ये 'स्क्वेअर वन टीव्ही' काढले, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. ते १९९२पर्यंत चालले. त्यात गाणी होतीच, पण खरी जान होती 'मॅथनेट' या रहस्यकथेत. दोन पोलीस, केट मंडे आणि जॉर्ज फ्रँकली, गणिताने गुन्हे उकलत. एक प्रकरण पाच दिवस चाले. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी गावच्या पाचवीच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला. कार्यक्रम पाहिलेली मुले कोड्यांना अधिक वाटांनी भिडत, एक वाट बंद झाली की दुसरी धरत. तिथे पाढे किती पाठ झाले हे मोजलेच नव्हते. आम्हाला हे फार बोलके वाटते.

आता आजच्या काळात येऊ. आमची मुलगी इंग्लंडमध्ये असते आणि नात बीबीसीवर 'नंबरब्लॉक्स' बघत मोठी झाली. २०१७ला सुरू झालेला कार्यक्रम. त्यात संख्या हीच पात्रे आहेत. एक म्हणजे एक ठोकळा. एकावर एक उडी मारतो आणि दोन जन्मतो. चार चौकोनी आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. तेरा दुर्दैवी, सारखा दहा आणि तीन असा फुटतो. बारा मात्र आयतांची राणी, कधी तीन गुणिले चार, कधी दोन गुणिले सहा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे बघताना गुदगुल्या होतात. कारण १८८४मध्ये गॉटलोब फ्रेगे याने याच विचाराची यथेच्छ टवाळी केली होती. जॉन स्टुअर्ट मिलचे म्हणणे, संख्या म्हणजे वस्तू एकत्र-वेगळ्या मांडण्याचा अनुभव. फ्रेगे म्हणाला, हे तर खड्यांचे आणि खाऊचे गणित! जगातल्या सगळ्या वस्तू खिळ्यांनी ठोकलेल्या असत्या तर दोन नि एक तीन झाले नसते की काय?

मग फ्रेगेच्या बाजूने आम्ही नातीला विचारले, तीन ऋतू कुठल्या ठोकळ्यांनी बांधशील? तिने आमच्याकडे जरा दयेनेच पाहिले. पण प्रश्न रास्त आहे. ठोकळ्यांत जे येत नाही ते डरोच्या जुन्या गाण्यात येते. भूत, वर्तमान, भविष्य यांची उतरंड रचता येत नाही, तरी ते तीनच आहेत. फ्रेगेला ते गाणे पसंत पडले असते, चाल सोडून. आणि गाण्यात जे दिसत नाही, छप्पन्न या संख्येला आकार असतो हे, ते ठोकळ्यांत दिसते. पुढचा कार्यक्रम नेहमी मागच्याहून सरस असतो असे नाही.

हे कार्यक्रम मराठीत आणायचे तर एक गाठ आधी सोडवावी लागेल. 'सेसमी स्ट्रीट'चा भारतीय अवतार 'गली गली सिमसिम' २००६मध्ये आला, हिंदीत. हिंदीसारखेच मराठीतही शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे आणि एकवीस म्हणताना आपण एक आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही कोट्या झाल्या. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी नावे जड जातात, आकलन सोपे व्हावे म्हणून हे केले. आमचे वैयक्तिक मत? आम्हाला त्र्याहत्तर आणि सत्त्याण्णव हे शब्द प्रिय आहेत, ते जाऊ नयेत. पण त्या वादात भाषा बुडाली म्हणणारे नाव आणि संख्या एकच समजत होते. बारा बोटांच्या पाहुण्याकडे डेक आणि एल आहेत, म्हणून त्याचे अकरा आपल्या अकरापेक्षा वेगळे होत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नात इथे आली होती, नऊ वर्षांची. तिला पापडांची गोष्ट सांगितली, जी त्या सभेत सांगायची राहिली होती. सात-सातच्या आठ ओळी, आणि आजोबा एकेक मोजत बसले. ती हसली नाही. थोडा वेळ बोटाने टेबलावर काही रेघा ओढत होती. मग म्हणाली, "आजोबा, पण पणजीने चौदा-चौदाच्या चार ओळी पण केल्या असत्या ना?"

चौदा चोक छप्पन्न. तो पाढाही आम्हाला पाठ होता.

थांबतो. प्रश्न घेऊ. पहिला तिसऱ्या रांगेतून येणार, हे दिसतेच आहे.